सुतकात तपासलेली चाल

नाना,

तुमच्या गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, मशीनमधून तुमची चाल वाजली आणि अर्ध्यावर येऊन बसली. मांडवातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. तुमचे थोरले भाऊ, आबा, हात वर करून म्हणाले, "थकना मना भाऊ. ऱ्हाऊ दे आते." मी ढोलकावरचे हात उचलले आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं, भिकन रडतो आहे. मी रडत नव्हतो, नाना. मला लाज वाटत होती. मला वाटलं, मीच पळालो. नेहमीसारखा.

तुम्ही असता तर पेटीचा भाता दाबून धरला असता आणि सगळ्यांच्या देखत विचारलं असतं, "भिकनराव, शेवटची एसटी चुकते आहे का तुमची?" भजनी मंडळ हसलं असतं, मी कानापर्यंत तापलो असतो, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या ओळीवर आला असता. या वेळी पहिल्या ओळीवर यायला कुणी नव्हतं.

आता सुरतेला परत आलो आहे. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात माझी पाळी दुपारची आहे, सकाळ मोकळी असते. त्या वेळात हे लिहितो आहे. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील. त्या तुम्ही पाहिल्या असत्यात तर एकही सोडली नसतीत.

दीपनगरला, पॉवर हाउसच्या कॉलनीतल्या गणपतीत तुम्ही मला पहिल्यांदा ऐकलंत. मी तिथे ठेकेदाराकडे कामाला होतो. माझं गाव शिरपूरच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, आणि महिनोन्‌महिने मला ते दिसत नव्हतं. त्या दिवशी ढोलकवाला आला नाही म्हणून मी पुढे झालो. आरती संपली तेव्हा म्हणणाऱ्या बाया धापा टाकत होत्या. तुम्ही पेटी मिटलीत, चष्मा वर केलात. "हात गोड आहे तुझा," म्हणालात, "पण ही आरती आहे बाबा. रेल्वेचं फाटक पडायच्या आत ओलांडायचं नाहीये आपल्याला." सगळे हसले. मी उठून निघालोच होतो. तुम्ही मागून हाक मारलीत, "उद्या संध्याकाळी घरी ये. जेवायलाच ये."

त्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे. तुमच्या पत्नीला सगळे अक्काच म्हणायचे. अक्कांनी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी परक्याच्या घरी किती खावं या भीतीत अर्ध्या भाकरीवर हात धुवायला निघालो, तर अक्का म्हणाल्या, "इतलाच खावाना व्हता ते उना कसाले?" आलास तरी कशाला, म्हणे. तेव्हापासून मी त्या घरात पोटभर खाल्लं आहे. किती वर्षं खाल्लं, हे आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. कारण मी दिलं काय? मी फक्त पळत राहिलो.

नाना, मी घाबरलो की माझा हात पळतो. आणि मी सदाचाच घाबरलेला. तुम्ही पॉवर हाउसच्या कंट्रोल रूममध्ये जन्म घालवलात. तुमच्या समोर विजेच्या ठेक्याचा एक काटा असायचा आणि तो पन्नासवर राहिला पाहिजे, एवढंच तुमचं काम, असं तुम्ही मला सांगायचात. "तो जरा खाली सरकला की गावोगावचे पंखे मंदावतात. माणसाला कळत नाही. मला कळतं. तुलाही कळलं पाहिजे." आणि मग बोट माझ्या कपाळाकडे रोखून: "कुणी खाली ओढलं म्हणून आपण खाली जायचं नाही. कुणी घाई केली म्हणून घाई करायची नाही. तालाचा माणूस कुणाच्या मागे जात नसतो."

मी म्हणायचो, "पण नाना, गाणाऱ्याला दम लागला तर?"

"तर त्याला दम खाऊ दे. तू तिथेच उभा राहा. तो येईल तुझ्यापाशी."

यावर आपलं कधी पटलं नाही. मला वाटायचं, मागे राहिलेल्याला सोबत करायला थांबावं, थोडं मागे जावं. तुम्ही म्हणायचात, मागे गेलास की दोघंही हरवतात. या एका गोष्टीवरून आपण दीपनगरलाही भांडलो आणि पारोळ्यालाही.

पारोळ्याला तुम्ही निवृत्त होऊन आलात तेव्हा मलाही घेऊन आलात. मार्केट यार्डात तोलाईचं काम लावून दिलंत आणि मागची खोली दिलीत. आणि मग एक दिवस जळगावहून जीपमध्ये मांडीवर धरून तो जुना कॉम्प्युटर आणलात. टायपिंगचं दुकान बंद होत होतं, तिथला. अक्का दारातच म्हणाल्या, "हाई आते काय नवं?" तुम्ही म्हणालात, "न्यायाधीश आणला आहे. मी ओढतो की हा पळतो, ते आता हा सांगेल."

पेटीसारख्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड वायरने त्याला जोडलात. त्यावर तुम्ही चाल वाजवायचात आणि तो लक्षात ठेवायचा. मी विचारलं, टेपसारखं का? तुम्ही म्हणालात, "नाही रे. टेप आवाज धरते. हा बोटं धरतो. कुठलं बोट केव्हा पडलं, किती दाबलं, केव्हा उचललं. आवाज त्याचा स्वतःचा, बोटं माझी." खरंच, आवाज पेटीसारखा नव्हता, जरासा पिपाणीसारखा होता. पण बोटं तुमची होती. तिसऱ्या ओळीला तुम्ही घ्यायचात ती हरकतही तशीच.

मग मी ढोलक घेऊन त्याच्यासमोर बसायचो. तुम्ही घरात नसलात तरी तुमची बोटं असायची. न्याय काय व्हायचा, ते सगळ्या मंडळाला माहीत आहे. मी पळायचो. एकदा मात्र तुम्ही स्वतःच एका जागी पुढे निघालात, पडद्यावर दिसलं. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "जुनं मशीन आहे. पारोळ्याची हवा लागली त्याला." आणि इतके हसलात की खोकला लागला. तेव्हा त्या खोकल्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

पडद्यावरचे इंग्रजी शब्द तुम्ही मला एकेक करून शिकवलेत. मी अक्षरं जुळवत वाचायचो आणि तुम्ही धीर धरून बसायचात, जसे तालात बसायचात तसे. त्या अक्षरांवरच मला सुरतेत कॉम्प्युटरच्या भरतकामाच्या मशीनवर काम मिळालं. मी निघालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "जा. तिथे मशीन पळवतं, तू पळू नकोस." मी पाया पडलो. अमळनेरला गाडीत बसलो आणि सुटका झाल्यासारखं वाटलं, हे तुम्हाला कसं सांगायचं, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. माझ्या हाताची चूक सांगणारं आता कुणी नव्हतं.

अधूनमधून मी तुमच्या शेजारच्या सिंधूबाईंच्या फोनवर तुम्हाला बोलवायचो. तुम्ही यायचात, थोडा वेळ नुसता श्वास ऐकू यायचा, मग मोठ्या आवाजात: "ठणठणीत आहे! तू कसा आहेस?" त्या 'ठणठणीत'वर मी विश्वास ठेवायचो. सोयीचा होता म्हणून ठेवायचो. आखाजीच्या सणाला ये म्हणालात, मी कारखान्याचं कारण सांगितलं. कारण खरं होतं, पण तेवढंच काही खरं नव्हतं.

मी आलो तेव्हा तुमचं सगळं होऊन गेलं होतं. अंगणात माणसं बसलेली, मला पाहून सरकली. अक्का मला बघून रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उना का? बस." आणि जरा वेळाने आबांना म्हणाल्या, "गंधमुक्तीले भजन करतीन ना मंडळना लोके? पेटी कोन वाजाडी?"

आबा म्हणाले, पेटीवाला आता कुठला.

"त्यास्नी पेटी त्या मशीनमा शे ना. भिकन शे. तो लाई देई."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. अक्कांनी तुमच्याकडून माझ्यासाठी आजवर खूप मागितलं, नाना. माझ्याकडून त्यांनी तुमच्यासाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. ती नीट व्हायलाच हवी होती. एवढी एकच गोष्ट.

मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. चादरीवर धूळ. वर्षभर कुणी हात लावला नव्हता, हे दिसत होतं. बटण दाबलं तर पांढरी अक्षरं आली आणि बॅटरीबद्दल काही तक्रार. पुढे जायला एक बटण दाबा म्हणत होता, मी दाबलं. तारीख पाहिली तर कॉम्प्युटर कुठल्या कुठे मागच्या साली जाऊन बसला होता. मी तारीख तेवढी नीट केली आणि स्वतःवर खूश झालो. तुमची चाल त्यात होती. नाव तुम्हीच दिलेलं: 'भिकनसाठी'. इंग्रजी अक्षरांत.

आता पुढची अडचण तुम्हाला ऐकून हसू येईल. घर सुतकात. घरात गाणं नाही, बाजा नाही, रेडिओसुद्धा नाही. आणि मला तपासायचा होता बाजा. स्पीकर लावून बघणं शक्यच नव्हतं. मी तुमचा जुना हेडफोन शोधला, दार लोटलं, टॉवेल डोक्यावरून घेतला, जसा कुणी दुःखात घेतो तसा, आणि आत कानात तुमची चाल लावली.

पहिला सूर आला आणि मी विसरलो की तुम्ही गेला आहात. खरं सांगतो. हात मांडीवर वाजू लागला, पाय हलू लागला. तिसऱ्या ओळीची ती हरकत आली आणि मी हसलो. त्याच वेळी दार उघडलं. सिंधूबाई पाण्याची कळशी ठेवायला आल्या होत्या.

"ओ माय! मयतना घरमा हाऊ गाना ऐकी ऱ्हायना! पाय बी हालस त्याना!"

पुढच्या खोलीतलं बोलणं एकदम बंद पडलं. मी टॉवेल ओढला, त्याबरोबर हेडफोनची वायर निसटली, आणि एक सूर, एकच, स्पीकरमधून घरभर गेला. मी झडप घालून बंद केलं. आबा दाराशी आले. मला वाटलं, आता हाकलतात. ते फक्त म्हणाले, "कामनं शे ते कर. पन माणसे बठेल शेत, भाऊ. जरा समजीसन." त्यांनी मला भाऊ म्हटलं, ते शिवीपेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी मी जेवायला पंगतीत बसलो नाही. अक्कांनी ताट आत पाठवलं, आणि ताट आणलं सिंधूबाईंनीच. ठेवता ठेवता म्हणाल्या, "खाय आते. गाना ऐकीसन भूक लागनी व्हई."

त्यानंतर मी असा तपासायला लागलो: एक बोट थांबवायच्या बटणावर. अंगणात चप्पल वाजली की थांबव. माणूस गेला की पुन्हा चालू. मध्येच माउस हलवून बघ, नीट चाललं आहे ना. सारखा हात लावून. मला चैनच पडत नव्हतं. आणि चाल काय सुंदर चालत होती! सुरुवातीपासून, मधून, शेवटून, जिथून लावीन तिथून बरोबर. काटा पन्नासवर. मी आबांना जाऊन सांगितलं, "एकदम पक्कं." मंडळातल्या लोकांना सांगितलं, "नाना जसे वाजवायचे तसंच." अक्कांना सांगितलं, "काळजी करू नका." इतक्या खात्रीने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

पारोळ्यात लाईट कमी दाबाची असते म्हणून गंधमुक्तीच्या दिवशी मी स्टॅबिलायझर मागून आणला. मांडवात टेबलावर कॉम्प्युटर ठेवला, माइक त्याच्या स्पीकरपाशी लावला. पाहुण्यांच्या टोप्या-उपरण्यांची देवघेव झाली. सुतक फिटलं. आबांनी मान हलवली. मी तुमची चाल लावली, आणि खाली सतरंजीवर बसून ढोलक पुढ्यात घेतला.

सुरुवातीला नाना, मी तुमच्याबरोबर होतो. बरोब्बर तुमच्याबरोबर. मंडळ म्हणू लागलं. मला वाटलं, कुठे बसून ऐकत असाल तर आज काही बोलता येणार नाही तुम्हाला.

मग तुम्ही मागे पडू लागलात.

पहिल्यांदा अगदी थोडं. मी लगेच मनात म्हटलं, भिकन, पळतो आहेस. इतकी वर्षं तुम्ही सांगितलेलं माझ्या हाडात बसलं आहे, त्यामुळे दुसरं काही डोक्यात आलंच नाही. मी हात आवरला. तुम्ही आणखी मागे गेलात. मी आणखी आवरला. सूर अडखळू लागले, एक पडायचा, दुसरा उशिरा यायचा, मध्ये दम घेतल्यासारखी जागा. मी तुमच्या मागे मागे जात राहिलो. तुम्ही सांगितलं होतं तसा उभा राहिलो नाही. उभा राहिलो असतो तर निदान मंडळ माझ्या हातावर म्हणत राहिलं असतं, चाल पुरी झाली असती. पण मी तुम्हाला सोबत करायला मागे गेलो, आणि आपण दोघंही हरवलो. म्हणणारे थांबले. मांडवात फक्त तुमचा एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग माझी एक थाप.

तेव्हा आबांनी हात वर केला.

जेवणावळीत जो तो तेच बोलत होता. नाना जाताना कसे थकले होते, ते मशीनमध्येही उतरलं. कुणी म्हणालं, आत्मा होता तिथे. मी वाढप्याच्या हातातली बादली घेऊन वाढत सुटलो, म्हणजे कुणाशी बोलावं लागू नये. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या समोर वाढायला गेलो आणि वर पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. आता आवाज करायला हरकत नव्हती. मी मागच्या खोलीत कॉम्प्युटर लावला, स्पीकर मोठा केला, आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसलो. आधी ठीक. मग कालच्यासारखंच, हळूहळू, ओढत. म्हणजे मी पळालो नव्हतो! आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली, की नानांची चाल मोडली ते मोडलं, आणि मला आनंद कशाचा, तर माझा हात निर्दोष निघाला याचा.

चिडून मी माउस ढकलला. त्याबरोबर चाल सावरली. ताडकन, पन्नासवर.

पुन्हा हात काढून बसलो. थोड्या वेळाने पुन्हा ओढू लागली. एक बटण दाबलं, सावरली. मग माझ्या ध्यानात आलं. हात लावला तर कॉम्प्युटर जागा, आणि हात काढला की कुणी नाही असं समजून पेंगतो. सुतकात मी भीतीने सारखा त्याला हात लावत होतो, म्हणून तो झोपलाच नाही. आणि मांडवात माझे दोन्ही हात ढोलकावर होते.

मग आठवलं. कॉम्प्युटर आणला त्या आठवड्यात हेच झालं होतं ना? तुम्ही एक अख्खी दुपार त्याच्यापुढे बसला होतात. चहा गार झाला होता. शेवटी म्हणालात, "झोपाळू आहे. झोप मोडली त्याची." मी विचारलं नाही, कशी मोडली. इंग्रजी दिसलं की मी मागे सरायचो.

आता मलाच शिरावं लागलं. सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो, तिथे. मी अक्षरं जुळवत एकेक ओळ वाचली. वीज वाचवायच्या पानावर, किती मिनिटं कुणी हात लावला नाही की काय करायचं, ते लिहिलेलं. त्यात एक शब्द होता, डोझ. तुमचा कोश कपाटात होता, त्यात पाहिला: डुलकी घेणे. तुम्ही ती डुलकी बंद करून ठेवली होती. वर्षभर पडून आतली बॅटरी संपली, कॉम्प्युटर तुमचं सांगणं विसरला आणि कारखान्यातून आला होता तसा झाला. बॅटरीची तक्रार तो पहिल्याच दिवशी करत होता. मी तारीख नीट केली आणि पुढे गेलो. पळत.

आबांच्या मुलाला सांगून धुळ्याहून नवी बॅटरी मागवली, बसवली. डुलकी बंद केली. चाल लावली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती जशीच्या तशी वाजली. शेवटचा सूर तुम्ही लांबवून एकदम उचलायचात, तसा उचलला गेला.

मागे अक्का उभ्या होत्या. केव्हापासून, कळलं नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. बॅटरी, डुलकी, सगळं. म्हटलं, नाना थकले नव्हते अक्का, दोष मशीनचा होता आणि तपासलं नाही तो माझा. मी सगळ्यांना सांगतो, आबांना सांगतो. आता बघा, कसे वाजवतात.

अक्का खाली बसल्या. म्हणाल्या, "त्या दिनले वाजनं तसं आते नही वाजाव का?"

मला समजलं नाही. म्हटलं, "अक्का, ते चुकीचं होतं. नाना तसं कधी वाजवत नव्हते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तू कोठे व्हता, भिकन?"

मग त्या बोलल्या, आणि मी ऐकलं. वर्षभर तुम्हाला बसवत नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर झाकला. पण पेटी सोडली नव्हती तुम्ही. रोज दुपारी खाटेवर पेटी ठेवायची, आणि भाता अक्का हलवायच्या. तुमच्या डाव्या हातात तेवढाही जोर नव्हता. "भाता मना, बोटे त्यास्ना. दम लागना का बोट थांबे. मंग मी बी थांबू. त्यास्ना दम उना का आम्हीन परत निंघूत." हसल्या जरा. "असं, बैलगाडीनं चालतस ना, तसं. मांडोमा तेच ऐकू उनं माले. माले वाटनं, तुले कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं, नाना. फोनवर ठणठणीत म्हणणारा माणूस मला माहीत होता. जो पन्नासच्या खाली कधी गेला नाही, असा. मी तोच दुरुस्त करून आणला होता आणि अक्कांपुढे ठेवला होता, बघा म्हणून. ज्या माणसाबरोबर त्या वर्षभर दुपारी बसल्या, तो माझ्या कानावर फक्त मशीनच्या चुकीने आला. आणि मांडवात मी तुमच्या मागे मागे गेलो, ती तुमच्या शिकवणीची बेअदबी झाली म्हणून मला लाज वाटत होती. पण तुमच्या मागे थांबत थांबत जाणं घरात कुणीतरी वर्षभर करत होतं, आणि तुम्ही करू देत होता. आपल्या भांडणात तुम्ही एवढं मला कबूल करायला हवं होतंत. किंवा मी आखाजीला यायला हवं होतं, म्हणजे डोळ्यांनी दिसलं असतं.

मी पुन्हा निळ्या पडद्यात गेलो. तुम्ही मोडलेली झोप कॉम्प्युटरला परत दिली. असं मुद्दाम बिघडवून दुरुस्त करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बोट त्या बटणावर बराच वेळ राहिलं. तुम्ही मागून ओरडाल असं वाटत होतं.

अक्कांना खुर्चीवर बसवलं. सांगितलं, हात लावू नका, थोड्या वेळाने ते आपोआप हळू होतील. आणि कधी वाटलं, पूर्वीसारखे हवेत, तर हे कुठलंही बटण दाबा.

चाल लागली. दीपनगरच्या दिवसांसारखी, भरभक्कम. अक्का ऐकत बसल्या. मग तुम्ही मंदावलात. एक सूर, थोडं थांबणं, पुढचा सूर. मी ढोलकाकडे पाहिलं आणि तो घेतला नाही. तिथे दोघांचंच होतं, तिसऱ्याचं काम नव्हतं.

एका जागी तुम्ही फारच अडखळलात. अक्कांनी पटकन बोट पुढे केलं आणि बटण दाबलं. तुम्ही सावरलात, पुन्हा तरुण माणसासारखे चालू लागलात. अक्कांनी दोन ओळी ऐकल्या. मग बोट काढून घेतलं, हात मांडीवर ठेवला, आणि तुम्हाला दम लागायची वाट पाहत बसल्या.